शंभर टनांच्या शेजारचे दोन टन

उसाचा हंगाम सुरू झाला की साखर कारखान्याच्या काट्यासमोर गाड्यांची रांग लागते. भरलेली ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर लोखंडी फलाटावर चढतो, चालक ब्रेक दाबतो, फलाट किंचित पुढे सरकतो, परत जागेवर येतो आणि काट्याच्या खोलीतले हलणारे आकडे एका जागी थांबतात. फलाटाखाली काँक्रीटच्या पायावर वजन मोजणारे पोलादाचे ठेंगणे ठोकळे, म्हणजे लोडसेल, उभे असतात. अनेक काट्यांत त्यांची डोकी आणि बुडे गोलसर घडवलेली असतात. ब्रेकच्या धक्क्याने फलाट ढकलला गेला की हे ठोकळे जरासे कलतात आणि फलाटाच्याच वजनाने पुन्हा सरळ होतात. हे मुद्दाम केलेले असते. काट्याला फक्त खाली येणारे वजन हवे असते. पुढे-मागे किंवा डावी-उजवीकडे बसणारा रेटा त्याच्या हिशोबात शिरू नये, यासाठी ही सगळी तजवीज.

वजन करायचे असेल तेव्हा हे अगदी योग्य आहे. पण ज्या यंत्राला शंभर टन उचलायचे, फिरवायचे, दाबायचे किंवा अधांतरी धरून ठेवायचे असतात, त्याच्या बाबतीत काट्याने गाळून टाकलेला तो रेटाच कधी कधी जिवावर उठतो.

१४ जुलै १९९९ रोजी अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात मिलर पार्क या बेसबॉलच्या मैदानाचे काम चालू होते. मैदानाला उघडणारे-मिटणारे छप्पर बसवायचे होते. त्या दिवशी ‘बिग ब्लू’ नावाची प्रचंड क्रेन छपराचा शेकडो टनांचा एक तुकडा उचलून जागेवर नेत होती. वारा वाहत होता. तुकडा हवेत असतानाच क्रेन कोसळली. दुसऱ्या एका क्रेनला टांगलेल्या पाळण्यात उभे राहून काम करणारे तीन कामगार त्यात मृत्युमुखी पडले. नंतरच्या तपासात वाऱ्याचा मुद्दा ठळकपणे पुढे आला. हवेत लटकणारा तो रुंद तुकडा एखाद्या शिडासारखा वारा धरतो आणि क्रेनला बाजूने ओढतो. त्या ओढीचा हिशोब मांडलेलाच नव्हता.

क्रेनचा उंच बाहू सरळ खाली येणारे वजन पेलण्यासाठी घडवलेला असतो. बाजूने ओढ आली की त्या वजनाच्या मानाने किरकोळ वाटणारे बलही त्याला पुरून उरते. उंच बांबूवर भरलेली पाटी तोलणाऱ्याला हे कळते. पाटीचे ओझे त्याला झेपते, पण बांबूच्या टोकाला कोणी बोटाने ढकलले तर सगळे संपते. म्हणून अवजड यंत्राच्या सेन्सरकडून एका आकड्याची अपेक्षा करून भागत नाही. ‘किती’ बरोबर ‘कोणत्या दिशेने’ हेही त्याने सांगायला हवे.

दिशा किती असतात? बैलांच्या नांगरामागे रुमणे धरून चालणाऱ्याचा हात याचे उत्तर फार पूर्वीपासून जाणतो. फाळ जमिनीत अडला की ओढ वाढते. दगडाला घासला की नांगर एका अंगाला जातो. जमीन कठीण लागली की फाळ वर उसळू पाहतो. ही झाली तीन बले: पुढे-मागे, डावी-उजवी आणि वर-खाली. त्याशिवाय नांगर नाक खुपसतो किंवा उचलतो, एका कुशीवर कलतो, किंवा तोंड फिरवून तास सोडू पाहतो. हे तीन पीळ. तीन बले आणि तीन पीळ मिळून सहा. घन वस्तूवर कितीही ठिकाणांहून, कितीही वेडीवाकडी बले आली तरी त्यांचा एकत्रित परिणाम या सहा आकड्यांत पूर्ण मांडता येतो. सातवा आकडा लागत नाही आणि पाचांत भागत नाही. म्हणून या सेन्सरला सहा अक्षांचा सेन्सर म्हणतात.

आता ही सहा बले पोलादाकडून वदवून घ्यायची कशी?

रॉबर्ट हुकने १६७८ मध्ये आपला नियम उघड केला: ताणले जाणे हे बलाच्या प्रमाणात असते. पोलादही स्प्रिंगच आहे, फक्त फार ताठ. विल्यम थॉमसनला, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विनला, १८५६ मध्ये आढळले की लोखंडाची आणि तांब्याची तार ताणली की तिचा विद्युतरोध बदलतो. या दोन गोष्टी एकत्र यायला आणखी ऐंशी वर्षे लागली. १९३८ च्या सुमारास कॅलिफोर्नियात एडवर्ड सिमन्स आणि एमआयटीमध्ये आर्थर रूज यांनी, एकमेकांना ठाऊक नसताना, बारीक तार वस्तूला चिकटवून तिच्या रोधावरून वस्तूचा ताण ओळखण्याची युक्ती काढली. रूज यांना पाण्याच्या टाक्यांवर भूकंपाचा काय परिणाम होतो ते पाहायचे होते. टाकीच्या नमुन्याचा पत्रा इतका पातळ होता की कोणतेही जड मापक त्यावर ठेवले तर ताण मापकाचाच मोजला गेला असता. एमआयटीच्या पेटंट समितीला या शोधात मोठा व्यापारी उपयोग दिसला नाही. तिने हक्क रूज यांच्याकडेच राहू दिले. आज जगातल्या बहुतेक इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यांच्या पोटात त्याच युक्तीची वंशज, स्ट्रेनगेज नावाची नखाएवढी पातळ पट्टी, चिकटवलेली आहे.

ही पट्टी काय मोजते ते आकड्यांत पाहू. शंभर टनांसाठी पोलादाचा एक गोल, भरीव ठोकळा घ्या, ८० मिलिमीटर व्यासाचा आणि १०० मिलिमीटर उंचीचा. त्यावर शंभर टन ठेवले की प्रत्येक चौरस मिलिमीटरवर सुमारे २० किलोचा भार येतो. आपल्या कारखान्यांत ईएन-२४ म्हणून ओळखले जाणारे, कडक केलेले पोलाद याच्या तिप्पट भार सहज सोसते, म्हणजे काळजी नाही. या भाराखाली ठोकळा आखडतो तो दर हजारी एक भाग. १०० मिलिमीटरमागे एक दशांश मिलिमीटर, जेमतेम एका केसाची जाडी. शंभर टनांचा सगळा जबाब त्या केसाएवढ्या हालचालीत लिहिलेला असतो.

इतकी बारीक हालचाल सांगायला ‘मायक्रोस्ट्रेन’ हे माप वापरतात: दहा लाख भागांतला एक भाग. आपला ठोकळा १००० मायक्रोस्ट्रेन आखडला. त्यावरच्या ३५० ओहमच्या गेजचा रोध यामुळे बदलतो ०.७ ओहमने. चार गेज व्हीटस्टन ब्रिज नावाच्या चौकोनी जोडणीत बसवून हा बदल मिलिव्होल्टमध्ये वाचता येतो. वजनकाट्यासाठी हे भरपूर झाले. म्हणून मोठे वजन मोजणे ही फार अवघड गोष्ट नाही, असे म्हणायला हरकत नाही. लोखंड जाड करा, गेज नीट चिकटवा, काम होते.

अवघड काम पुढे आहे. याच ठोकळ्यावर शंभर टन उभे असताना बाजूने दोन टनांचा रेटा आला, तर तो ओळखायचा कसा? ठोकळा रेट्याने थोडा वाकतो हे खरे. पण किती वाकतो ते रेटा कोणत्या उंचीवर बसला त्यावर ठरते, आणि ती उंची आपल्याला ठाऊक असतेच असे नाही. त्यामुळे रचनाकार वाकण्याऐवजी सरकण्याकडे पाहतो. पत्त्यांचा कॅट टेबलावर ठेवून वरच्या पत्त्याला बाजूला ढकलले की पत्ते एकमेकांवरून सरकतात, तसे पोलादाचे थरही सरकू पाहतात. ठोकळ्याच्या कुशीवर एक चौकोन काढला असेल तर त्याचा शंकरपाळा होतो. एक कर्ण लांबतो, दुसरा आखूड होतो. या दोन कर्णांवर एकेक गेज चिकटवायचा आणि दोघांतला फरक वाचायचा. वरून येणारे शंभर टन दोन्ही कर्णांना सारखेच आखडवतात, म्हणून वजाबाकीत ते उडून जातात. उरतो फक्त बाजूचा रेटा. कागदावर ही रचना देखणी आहे.

आता आकडे घाला. दोन टनांनी त्या दोन कर्णांत पडणारा फरक येतो सुमारे ६६ मायक्रोस्ट्रेन. समजा, चिकटवताना गेजची ही जोडी फक्त एक अंशाने फिरली. घड्याळाचा मिनिटकाटा दहा सेकंदांत जितका फिरतो तितकीच. मग एक गेज उभ्या दिशेकडे किंचित झुकतो, दुसरा आडव्या दिशेकडे. शंभर टन आता दोघांना सारखे दिसत नाहीत आणि वजाबाकीत ते पूर्ण उडत नाहीत. किती उरतात? सुमारे ४५ मायक्रोस्ट्रेन. म्हणजे बाजूने कोणी बोटसुद्धा लावलेले नसताना सेन्सर सांगणार की जवळजवळ दीड टनाचा रेटा आहे.

या विषयाचा गाभा मला इथे दिसतो. मोठे बल मोजणे सोपे आहे. मोठ्याच्या शेजारी उभे असलेले लहान बल मोजणे कठीण आहे. अवजड यंत्राच्या सेन्सरची रचना म्हणजे मोठ्याचा आवाज लहानाच्या कानात शिरू न देण्याची खटपट. इंजिनिअर याला क्रॉसटॉक म्हणतात. जुन्या टेलिफोनवर आपल्या बोलण्यात दुसऱ्याचेच बोलणे मिसळायचे, तेच हे.

एक अंश म्हणजे हातकाम किती नाजूक असावे लागते, हे गेज चिकटवणाऱ्याच्या टेबलाशी उभे राहिल्यावर कळते. ठोकळा आधी द्रावणाने पुसून तेलाचा अंश काढतात. मग बारीक पॉलिश पेपरने तेवढी जागा घासून तिला एकसारखा खरखरीतपणा आणतात. कठीण शिशाच्या पेन्सिलीने अक्षाच्या रेषा आखतात, ओरखडा न पाडता, कारण ओरखड्यातूनच पुढे तडा सुरू होतो. जागा पुन्हा पुसतात, कापसावर काळा डाग उमटेनासा होईपर्यंत. गेज चिमट्याने उचलून पारदर्शक टेपवर घेतात, भिंगाखाली त्याच्या खुणा रेषांशी जुळवतात, टेप अर्धी उलटून खाली गोंद लावतात आणि एका दमात परत बसवतात. इथे श्वासही जपून घ्यायचा असतो. इपॉक्सीचा गोंद असेल तर वर रबराची गादी, त्यावर पट्टी, शिकंजा आणि मग काही तास भट्टीत. गोंदाचा थर जाड राहिला तर भाराखाली तो हळूहळू सरकत राहतो आणि भार स्थिर असतानाही आकडा खाली उतरत जातो. लाखो रुपयांच्या यंत्राची विश्वासार्हता त्या काही मायक्रॉन जाडीच्या गोंदावर उभी असते. हे काम करणाऱ्या हातांचे नाव कुठल्याही माहितीपत्रकात छापले जात नाही. छापले जावे, असे मला मनापासून वाटते.

हात कितीही सरावले तरी चूक शून्य होत नाही. म्हणून चुकीला शिरायला जागाच कमी राहील असा आकार शोधावा लागतो. भरीव ठोकळा या कामाला वाईट, कारण त्यात सगळी बले एकाच मांसातून वाहतात. त्याऐवजी मधला गाभा आणि बाहेरचे कडे चार आऱ्यांनी जोडले तर प्रत्येक आरा ठरावीक बलाला जास्त ओ देतो. कमी भाराच्या रोबोटच्या मनगटात अशीच क्रूसाच्या आकाराची रचना असते. अवजड भाराला मात्र आरे जाड करावे लागतात. आरा जाड आणि आखूड झाला की तो धड वाकतही नाही आणि धड सरकतही नाही. गेजखालचा ताण गुंतागुंतीचा होतो आणि पुन्हा सगळी बले एकमेकांत मिसळतात. लहान सेन्सरची रचना सरळ मोठी करून अवजड सेन्सर होत नाही, तो इथे अडतो.

यावरचा एक सुंदर मार्ग टायरच्या कारखान्यातून आला. बर्मिंगहॅमजवळच्या फोर्ट डनलॉपमध्ये एरिक गॉफ हे इंजिनिअर टायरचा अभ्यास करत होते. वळणावर टायरवर एकाच वेळी तीन गोष्टी घडतात. गाडीचे वजन त्याला दाबते, रस्ता त्याला बाजूने रेटतो आणि चाक सरळ करू पाहणारा एक पीळही येतो. हे सगळे एकत्र लावून टायर तपासायचा तर त्याला हव्या त्या अवस्थेत धरणारे यंत्र हवे. गॉफ यांनी एका चौकटीखाली सहा तिरके पाय जोडले. प्रत्येक पायाची लांबी कमी-जास्त करता येई आणि दोन्ही टोकांना सांधे असत. सहा पायांच्या लांबीवरून चौकटीची सहाही दिशांतली जागा पक्की ठरे. १९५४ मध्ये ते यंत्र चालू झाले. १९६५ मध्ये डी. स्ट्यूअर्ट यांनी सहा हालचालींच्या चौकटीवर निबंध लिहिला, आणि वैमानिकांना शिकवणाऱ्या सिम्युलेटरखाली आज दिसणाऱ्या सहा पायांच्या रचनेला स्ट्यूअर्टचेच नाव चिकटले. गॉफ यांचे नाव आधी घेतले पाहिजे. यंत्र त्यांनी आधी करून दाखवले होते.

हीच रचना उलटी वाचा. पायांची लांबी बदलायचीच नाही. प्रत्येक पाय ठाम ठेवायचा आणि त्यावर फक्त लांबीच्या दिशेने किती दाब किंवा ओढ आली ते मोजायचे. दोन्ही टोकांना सांधे असल्यामुळे पायात वाकणे जवळजवळ शिरत नाही. सहा पायांचे सहा आकडे आणि शोधायची सहा बले, असा हिशोब पुरा जुळतो. पाय उभ्या रेषेपासून ३० अंश तिरके असतील तर शंभर टनांतले सुमारे १९ टन प्रत्येक पायाच्या वाट्याला येतात. बाजूने दोन टन रेटा आला की काही पायांवर सुमारे एक टन चढतो आणि समोरच्या पायांवरून तेवढाच उतरतो. भरीव ठोकळ्याच्या मानाने इथे लहान बलाचा आवाज कितीतरी स्पष्ट ऐकू येतो. आणि गेज एक अंशाने तिरका बसला तर? पायाच्या लांबीच्या दिशेने चिकटवलेल्या गेजमध्ये त्याने होणारी चूक हजारात अर्ध्या भागाहूनही कमी असते. तोच हात आणि तोच एक अंश, पण आकार बदलल्यावर चुकीचे मोल नाहीसे झाले.

फुकट काहीच मिळत नाही. पाय सरळ उभे करत नेले तर बाजूच्या रेट्याची जाणीव आणखी तीक्ष्ण होते, पण रचना लुळी पडते. लहान मूल पाय जुळवून उभे राहिले की धक्क्याने डगमगते, तसेच. पाय फाकवले तर रचना पैलवानासारखी घट्ट उभी राहते, पण जाणीव बोथट होते. सांध्यांचेही दुखणे आहे. गोळ्या-वाटीचा सांधा शंभर टनांखाली घासतो, आणि भार चढताना व उतरताना घर्षण वेगवेगळ्या बाजूने ओढते. पन्नास टनांचा आकडा जाताना एक आणि येताना दुसरा येतो. म्हणून अनेक रचनाकार सांधाच काढून टाकतात आणि पोलाद त्या जागी बारीक करतात, म्हणजे ते थोडे लवेल. पण बारीक केलेली जागा भाराला कच्ची. किती बारीक करायचे, हा निर्णय ज्या सेन्सरमध्ये चुकतो तो पहिल्या मोठ्या धक्क्याला तुटतो किंवा आयुष्यभर चुकीचा आकडा दाखवतो.

इतके करूनही क्रॉसटॉक उरतोच. त्यासाठी शेवटचा उपाय हिशोबाचा. ठरावीक चुकीची एक चांगली बाजू असते: ती रोज सारखीच असते. सेन्सरवर एकेका दिशेने माहीत असलेला भार लावायचा, सहाही वाहिन्यांचे आकडे टिपायचे आणि कोणते बल कोणत्या वाहिनीत किती शिरते याचा सहा बाय सहाचा तक्ता करायचा. छत्तीस आकडे. पुढे वापरताना कॉम्प्युटर या तक्त्याच्या आधाराने मिसळलेली बले पुन्हा निवडतो. विमानांच्या वात-बोगद्यांत वापरल्या जाणाऱ्या सहा घटकांच्या तुळांसाठी एवढ्यावर भागत नाही. तिथे बलांचे वर्ग आणि गुणाकारही धरतात आणि तक्ता सहा बाय सत्तावीसचा होतो.

तक्ता करायला माहीत असलेला भार मात्र हवा. एका दिशेने मोठा, खात्रीचा भार लावणेच किती मोठे काम आहे, याचे उदाहरण अमेरिकेच्या राष्ट्रीय मापन संस्थेत, गेदर्सबर्ग इथे आहे. तिथल्या यंत्रात पोलादाच्या प्रचंड चकत्यांची चळत टांगलेली आहे. वीस चकत्या, प्रत्येक सुमारे २३ टनांची, मिळून दहा लाख पौंडांचे बल. आपल्याकडे अशा मापांची राष्ट्रीय जबाबदारी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडे आहे. पण चकत्या खालीच ओढतात. शंभर टन खाली आणि त्याच वेळी दोन टन बाजूला, शिवाय एक ठरावीक पीळ, असे एकत्र लावायचे तर हायड्रॉलिक जॅक, संदर्भाचे लोडसेल आणि मजबूत चौकट उभी करावी लागते. जॅक थोडा तिरका बसला की मोठ्या भाराचा अंश बाजूला जातो आणि चूक सेन्सरची की चौकटीची हे कळेनासे होते. शंभर टनांचा जॅक एक अंश तिरका असेल तर बाजूला पावणेदोन टन जातात. आपण शोधतोय दोन टन! म्हणून चांगल्या प्रयोगशाळेत सेन्सरइतकेच कष्ट त्याला भार लावणाऱ्या चौकटीवर घेतलेले असतात.

कारखान्यात गेल्यावर आणखी शत्रू भेटतात. पहिला उष्मा. पोलाद एका अंशाने तापले की १२ मायक्रोस्ट्रेन वाढते. सगळा सेन्सर सारखा तापला तर ब्रिजच्या जोडणीत ही वाढ कापली जाते. पण फोर्जिंगच्या शॉपमध्ये एका अंगाला लालबुंद लोखंड आणि दुसऱ्या अंगाला वारा असतो. एक कूस तापली आणि दुसरी थंड राहिली की सेन्सरला तो रेटा वाटतो. त्यावर उपाय साधा आहे: उष्णतेआड पत्र्याचा पडदा आणि भोवती हवा खेळती ठेवणे.

दुसरा शत्रू बोल्ट. सेन्सर ज्या पाट्यावर बसवायचा तो पाटा सपाट नसेल तर बोल्ट आवळतानाच सेन्सर पिळला जातो आणि यंत्र बंद असतानाच आकडे दिसू लागतात. म्हणून पाटा ग्राइंड करून घ्यावा आणि बोल्ट समोरासमोरचे, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचनेच आवळावेत.

तिसरा शत्रू सगळ्यांत साधा: कचरा. जास्तीच्या भारापासून वाचवायला सेन्सरमध्ये अटकाव ठेवतात. केसापेक्षा किंचित मोठी फट ठेवायची, भार मर्यादेबाहेर गेला की फट मिटते आणि उरलेला भार चौकट घेते. त्या फटीत धातूचा एक कीस अडकला तर भाराचा काही वाटा सेन्सरला वळसा घालून निघून जातो. सेन्सर कमी भार दाखवतो आणि चालक निर्धास्त होतो. फटीवर रबराचे साधे झाकण असावे, ही अट मी कोणत्याही किचकट गणिताच्या आधी घालीन.

पोलादाला दुसरा पर्याय स्फटिकाचा आहे. १८८० मध्ये जाक आणि पिएर क्युरी या भावांनी दाखवले की क्वार्ट्झसारख्या स्फटिकावर दाब दिला की त्याच्या पृष्ठांवर विद्युतभार येतो. क्वार्ट्झची चकती एका दिशेने कापली तर ती दाबाला ओ देते, दुसऱ्या दिशेने कापली तर सरकवणाऱ्या बलाला. अशा चकत्यांची चळत जाड बोल्टने आवळून ठेवली की एका वाटोळ्या डबीत तीन दिशा मोजल्या जातात, आणि अशा चार डब्या चार कोपऱ्यांत ठेवल्या की सहाही. क्वार्ट्झ अतिशय ताठ असल्यामुळे हातोड्याचा घाव, प्रेसचा ठोका असे झटपट बदलणारे भार तो उत्तम पकडतो. पण आलेला विद्युतभार हळूहळू झिरपून जातो, त्यामुळे तासभर टांगून ठेवलेले ओझे त्याला धडपणे सांगता येत नाही. ठोक्याला स्फटिक, टांगत्या भाराला पोलाद, अशी विभागणी माझ्या मते अजून बदललेली नाही.

हे सारे ज्ञान आपल्या अगदी जवळही वापरात आहे. पुण्यात १९६६ पासून काम करणाऱ्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या क्षेत्रात चाकाच्या जागी सहा अक्षांचा सेन्सर बसवून गाडी रस्त्यावर चालवणे हा चाचणीचा परिचित प्रकार आहे. खड्ड्यात चाक आदळले की ते किती टनांनी वर उसळले, किती मागे ओढले गेले, किती पिळले गेले, सगळे टिपले जाते. गॉफ यांनी टायरसाठी मांडलेला प्रश्न सत्तर वर्षांनी फिरत्या चाकातच जाऊन बसला आहे.

क्रेनवर, प्रेसवर किंवा खाणीतल्या यंत्रावर काम करणाऱ्या वाचकाला एक विनंती आहे. सेन्सर घेताना विक्रेता क्षमता आणि अचूकता सांगतो. तुम्ही तिसरा आकडा मागा: उभा भार पूर्ण असताना बाजूच्या वाहिनीत किती चूक येते? हा आकडा नुसता टक्क्यांत घेऊ नका, टनांत घ्या. शंभर टनांचा एक टक्का म्हणजे एक टन, आणि तो एक टन चुकीच्या दिशेला असतो.

मिलर पार्क २००० मध्ये उघडायचे होते. ते २००१ च्या एप्रिलमध्ये उघडले. मैदानाबाहेर तीन कामगारांचे ब्राँझचे शिल्प उभे आहे.